पाचवा गिअर

ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या या बाईंना त्यांचे विद्यार्थी आपसांत ‘ब्रेकबाई’ म्हणतात. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. बाई तिथे बसतात आणि विद्यार्थी घाबरायच्या आत तो दाबतात. निम्म्या गावाला गाडी त्यांनीच शिकवली. चार गिअर रस्त्यावर; पाचवा मात्र गाडी बंद करून, जागेवरच. ‘गावात पाचव्याला जागा कुठेय?’ असं त्या सांगत. खरी गोष्ट अशी की हायवेवर बाई स्वतः कधी गेल्याच नव्हत्या.

हे बिंग फुटलं ते सुट्टीला राहायला आलेल्या सोळा वर्षांच्या भाचीमुळे. एका रविवारी सकाळी विद्यार्थ्याने ऐनवेळी दांडी मारली. गाडी पुसून तयार, बाईही तयार.

“मावशी, समुद्र किती लांब?”

“असेल दोन तास.”

“मग चल की.”

“टायरात हवा कमी आहे.”

“काल माझ्यासमोर भरलीस.”

“ऊन फार आहे.”

“एसी आहे. हायवेला घाबरतेस का गं?”

बाईंनी किल्ली उचलली. भाचीकडे परवाना नव्हता. त्यामुळे स्टिअरिंग बाईंकडे आलं आणि शेजारचा ब्रेक भाचीच्या पायाशी.

“त्याला पाय लावायचा नाही,” बाईंनी बजावलं.

हायवेवर बाई चौथ्या गिअरमध्ये, अगदी कडेने निघाल्या. टपावर ‘शिकाऊ’ची पाटी. ट्रकवाले अदबीने वळसा घालून पुढे जात होते. एका टेम्पोवाल्याने तर शेजारी येऊन धीर दिला, “ताई, घाबरू नका. जमेल हळूहळू.” भाचीने तोंड खिडकीकडे वळवलं, खांदे हलत होते.

“मावशी, गाडी बोंबलतेय. पाचवा टाक ना.”

“मला शिकवू नकोस.”

“मग कुणी शिकवायचं? क्लास तर तुझाच आहे.”

बाईंनी आणखी एक ट्रक पुढे जाऊ दिला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “चालत्या गाडीत मी तो कधी टाकलेला नाही. तुझ्या आईला कळलं तर जन्मभर ऐकवेल. आधीच माझ्या गाडीला बैलगाडी म्हणते. लोकांना कळलं तर क्लासला टाळं.”

भाचीचं हसू थांबलं. आठवडाभर ती मागच्या सीटवर बसून मावशीचे धडे ऐकत होती.

“क्लच दाब,” ती म्हणाली. “पूर्ण. आता उजवीकडे, मग वर. बाहेर बघ, गिअर काय पळून जात नाही.”

बाईंनी निमूटपणे ऐकलं. गिअर पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला.

“बंद पडली का गं?”

“नाही. सुखावली.”

थोड्या वेळाने तोच टेम्पो पुढे दिसला. बाईंनी इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी बाहेर काढली. तेवढ्यात गाडीला हिसका बसला.

“पाय काढ,” बाई म्हणाल्या.

“आपोआप गेला.”

“जातो. मला नको सांगूस. काढ.”

टेम्पो मागे पडला. टेम्पोवाल्याने हात जोडले.

वाळूत पाय पसरून बसल्यावर भाचीने आईला फोन लावला. “आई, आम्ही समुद्रावर आलोय. मावशी गाडी फार जोरात चालवते गं.”

पलीकडून प्रश्न आला, “कोण? आपली मावशी?”

बाई चपलेतली वाळू झटकत होत्या. “वारा आहे,” त्या म्हणाल्या. “तिला नीट ऐकू आलं नसेल. परत सांग.”