कॅमेरा माझा होता

दिनूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या रायपुरात एका हळदीला होते. त्यांची मुलगी रेणू बोलत होती. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलते हिंदीच. “दीदी, पापा नहीं रहे...” मी खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा कॅमेरा उचलला. काम अर्धवट टाकून गेले असते तर दिनूभाऊंनीच माझी खरडपट्टी काढली असती. नवरीच्या आईनं विचारलं, डोळे का लाल झाले? म्हटलं, हळद गेली.

आज महिना झाला. दिनूभाऊंचा बूढापारा मोहल्ल्यात फोटो स्टुडिओ होता. रायपूरच्या निम्म्या मराठी घरांतल्या भिंतींवर त्यांनी काढलेले फोटो लटकताहेत. मी समता कॉलनीत नवं काम सुरू केलं तेव्हा मोठ्या लग्नांना जोडीदार लागायचा आणि साठीचे दिनूभाऊ आपला जुना कॅमेरा घेऊन माझ्यासोबत यायचे. माझा कॅमेरा त्याच कंपनीचा, पण कोरा करकरीत. त्याचा मला केवढा तोरा होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पहिल्याच मोठ्या लग्नात आमचं ठरलं होतं, दोघांच्या कॅमेऱ्यांवरचे उजेडाचे आकडे एकच ठेवायचे. ॲपर्चर तेच, शटर तेच, आयएसओ तोच. त्यांनी मांडवात उजेड मोजून आकडे सांगितले, मी लावले. आकडे एक म्हणजे फोटो एक, अशा भरवशावर मी दोघांचे फोटो शेजारी लावून न पाहताच अल्बम छापायला दिला. समोरासमोरच्या पानांवर एकच शालू आला. त्यांच्या फोटोत डाळिंबी, माझ्यात वांग्याच्या रंगाचा. नवरीकडची मंडळी अल्बम घेऊन माझ्याकडे आली, दिनूभाऊ तिथंच होते. पहिलंच मोठं काम, नाव खराब झालं असतं तर रायपुरात मला कोण विचारणार होतं? मी सगळ्यांसमोर म्हणाले, “दिनूभाऊ, तुमच्या हातून आकडा हलला असेल. या वयात होतं असं.”

ते चष्मा पुसत राहिले...

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. त्यांच्या स्टुडिओत पांढरी चादर ताणून बांधली होती, तिच्यावर एकच दिवा. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून ती त्यांनी आधी आपल्या कॅमेऱ्याला लावली, फोटो काढला. मग तीच लेन्स माझ्या कॅमेऱ्याला, तेच आकडे. दोन्ही फोटो संगणकावर शेजारी उघडले. माझ्या फोटोतली चादर चक्क मळकी दिसत होती. रिळाच्या काळातलं त्यांचं उजेड मोजायचं लाइट मीटर होतं, त्याचं माप त्यांच्या कॅमेऱ्याशी बरोबर जुळत होतं.

“पाय बरं,” ते म्हणाले, “आयएसओचा आकडा सारखा, पण आतलं मशीन येगळं. दोन घरचा चमचा सारखा नसते ना, तसं. तुया कॅमेऱ्याले एक टिचकी उजेड जास्त दे, बस.”

“मी सगळ्यांसमोर बोलले तुम्हाला...”

“अवं, रडून काहून राहिली? कॅमेरा तुया हाये, तुले त्याचा सभाव मालूम पाहिजे.”

मी माझे फोटो उजळले, अल्बम पुन्हा छापला. “मी नेऊन देतो,” म्हणत ते एकटेच तो घेऊन गेले. मला वाटलं, जातील आणि आपली बाजू मांडतील. तो त्यांचा हक्कच होता. त्या घराला तोंड दाखवावं लागलं नाही, यातच मी खूश. पुढं त्याच घरच्या दोन लग्नांची कामं मला मिळाली, तेव्हा दिनूभाऊंना मीच सोबत नेलं. आपल्यावर विश्वास बसला, असं मी समजत होते.

दिनूभाऊ गेल्यावर त्यांच्या घरी सांत्वनाला गेले, तर त्या शालूवाल्या नवरीची आई तिथं आलेली. म्हणाल्या, “लय खरा मानूस होता. अल्बम घेऊन आला अन् म्हने, माह्याच कॅमेऱ्यानं घोळ केला, पोरीचं काम चोख हाये, तिले काही बोलू नोका. म्हनून तं मंग आमी तुलेच बलावलं.”

खोलीत दहा-बारा माणसं होती. मी म्हणाले, “काकू, कॅमेरा माझा होता. दिनूभाऊंचा बरोबर होता.”

पाण्याचा ट्रे घेऊन आलेली रेणू थांबली. “दीदी, घर पे भी पापा ने यही बताया था कि गलती उनसे हुई।”

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. या माणसानं मला उभं केलं आणि उपकाराचा एक शब्दही कानावर येऊ दिला नाही.

त्या चादरीनंतर आम्ही एक रीत पाळली. काम सुरू करण्याआधी दिनूभाऊ आपला तळहात पुढं धरायचे आणि आम्ही दोघं आपापल्या कॅमेऱ्यानं त्याचा एकेक फोटो घ्यायचो. दोन्ही तळहात सारखे दिसले की मगच मांडवात पाऊल. तेव्हापासून आम्ही सोबत केलेल्या प्रत्येक लग्नात पहिले दोन फोटो त्यांच्या हाताचे आहेत, नवरा-नवरी त्यानंतर. अल्बमात ते कधीच गेले नाहीत. गेल्या आठवड्याच्या लग्नाला दुसरा कॅमेरा, दिनूभाऊंचा, रेणूच्या हाती होता; बापाकडूनच ती शिकली होती. तिनं काही न विचारता उजेडात आपला तळहात पुढं केला.