पोपटमामांचे तीनशे गोल

सम्राटने पोपटमामांचे दोनशे अठ्ठ्याण्णव गोल एका बटणात पुसून टाकले, तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात वडापाव होता. हे मुद्दाम सांगायचं कारण, पुढे बरेच दिवस तो कंपनीत ‘हात तेलकट होता, घसरला’ असं सांगत फिरला. हात घसरला नव्हता. ‘नक्की पुसायचं का?’ असं टीव्हीच्या पडद्यावर दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा गड्याने हो म्हटलं होतं.

कारेगावात सम्राट आणि विक्रम एका खोलीत राहतात. सम्राट शिरूरचा, कंपनीत सीएनसी मशीनवर. विक्रम दौंड तालुक्यातल्या राहूचा, त्याच कंपनीत क्वालिटीला. खोलीत दोन गाद्या, एक शेगडी, एक टीव्ही आणि विक्रमने पुण्यातून कुणाकडून तरी सेकंडहँड आणलेला गेमचा जुना कन्सोल. शिफ्ट जुळली की दोघं खेळतात, आणि खेळतात त्यापेक्षा जास्त भांडतात. विक्रमच्या मते दोन हजार तेराच्या फुटबॉलनंतर जगात धड गेमच निघाली नाही. सम्राटच्या मते धड गेम अजून निघायचीच आहे.

“तुझी ती गाड्या पळवायची गेम कवा येणार रं?” विक्रम विचारायचा.

“येतीय की. तारीख जाहीर झालीय.”

“मागल्या खेपंलाबी झाली व्हती.”

“मोठं काम हाय, वेळ लागणारच. तुझ्या फुटबॉलात काय, बावीस जणांना पळवायचं एका चेंडूमागं.”

एकदा असंच चहाच्या टपरीवर पेटलं. जुन्या गेमांत तरी फुटबॉल पहिला, असं विक्रम म्हणाला. सम्राट म्हणाला, पहिली कार रेसिंग, आणि ते सिद्ध करायला त्याने कुठून तरी दोन हजार दहाच्या रेसिंगची डिस्क पैदा केली. सुट्टीच्या दिवशी, विक्रम पहिल्या शिफ्टला गेलेला असताना, डिस्क आत सरकवली. कन्सोल म्हणाला, जागा नाही. सम्राटने यादी उघडली. त्यात विक्रमच्या नावाचं एक खातं होतं आणि वर ‘यूजर वन’ म्हणून दुसरं, ना फोटो ना काही. त्याला वाटलं, हा पुण्याच्या जुन्या मालकाचा कचरा. काढला. रेसिंग मग मस्त चालली.

चार वाजता विक्रम आला, पाय धुतले, रिमोट हातात घेतला आणि पडद्यावर आपलं फुटबॉल शोधायला लागला. त्याचं फुटबॉल, सगळ्या गोलांसकट, ‘यूजर वन’मध्येच होतं. पहिल्या दिवशी घाईत तिथंच सुरू केलं, ते तिथंच राहिलं.

तो फक्त म्हणाला, “मामाला कोण सांगणार?”

तेव्हा कुठे सम्राटने रेसिंगची डिस्क बाहेर काढली.

पोपटमामा म्हणजे विक्रमचे सख्खे मामा. वय अठ्ठावन्न. राहूत त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की माणसं ती त्यांच्याकडे टाकतात. मामा जळकं तांबं काढतात, नवी तार आटा-आटा, म्हणजे एकेक वेढा, मोजून भरतात. आटे मोजताना घरात कुणी मेलं तरी बोलत नाहीत, कारण मोजणी चुकली की मोटार पुन्हा जळते आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात येतं. या माणसाने उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही.

पण काही वर्षांपूर्वी विक्रमने गेममध्ये राहूची टीम बनवली आणि गावातली माणसं नावानिशी तिच्यात भरली. मामा सेंटर फॉरवर्ड, वय बावीस. गोलकीपर चांगुणामामी, कारण तिच्या हातून काही सुटत नाही. तिचा चेहरा करताना मिशी काढून टाकायची तेवढी राहून गेली. विक्रम गमतीने मामांना म्हणाला, “आज दोन मारले तुम्ही.” मामांनी हातातलं काम थांबवलं, खडू घेतला आणि दुकानाच्या दाराला आतून दोन रेघा ओढल्या. त्या दिवसापासून दर रविवारी फोन. किती मारले, कुणावर मारले, डोक्याने का पायाने. चौदा सीझन झाले. गेममधले मामा छत्तीसचे झाले, धाप लागायला लागली, पुढच्या सीझनला निवृत्त होणार होते. त्याआधी तीनशे करायचे आणि दुकानातल्या बाकड्यावर बसणाऱ्या सगळ्यांना जिलेबी द्यायची, हे राहूत जाहीर झालेलं होतं.

रविवारी दोघं मोटारसायकलवर राहूला निघाले. न्हावऱ्यापर्यंत सम्राट खरं सांगायचं ठरवत होता. पारगावचा पूल ओलांडला, राहू जवळ आलं, तसा त्याचा विचार बदलला.

दुकानात गुऱ्हाळवाला संपत आपल्या मोटारीची वाट बघत बसला होता. मामा मांडीवर कॉईल घेऊन आटे मोजत होते. मोजून झाले, गाठ मारली, मग वर बघितलं.

“या. झाले का तीनशे?”

“मामा, त्याचं काय झालं,” सम्राट म्हणाला, “लाईट गेली हो. एकदम आली, आन् फाईल जळाली.”

पोपटमामांना, चाळीस वर्षं विजेत हात घालणाऱ्या माणसाला, हे सांगायची बुद्धी त्याला कुठून झाली देव जाणे. विक्रमने कपाळाला हात लावला.

“व्होल्टेज वाढलं म्हन,” मामा म्हणाले.

“व्हय ना.”

“टीव्ही जळाला?”

“न्हाई.”

“पंखा?”

“न्हाई.”

“बल तरी?”

“न्हाई मामा.”

“म्हंजी यवढ्या कारेगावात फकस्त माझं गोल जळाले?”

संपत इतका हसला की बाकडं हललं. सम्राटने मग सगळं सांगितलं. रेसिंग, जागा, यूजर वन, दोनदा दाबलेलं हो. वडापावसुद्धा सांगितला.

मामा उठले, दार ओढून घेतलं आणि रेघांकडे बघत उभे राहिले. पाच-पाचचे जुडगे, वरपासून गुडघ्यापर्यंत. शेवटच्या जुडग्यात तीनच रेघा. सम्राटला वाटलं, यांनी कानाखाली एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

“चुकला म्हना तीनशेचा निशाणा, मामा,” संपत म्हणाला.

“तू गप. तुझी मोटार तिसऱ्यांदा आलीय, मी काय बोललो का?” मामा वळले. “विक्रम, टीम परत करता येती?”

“येती. पण पहिल्यापासनं.”

“मी किती वर्षाचा असंन?”

“बावीस.”

मामा पुन्हा दाराकडे वळले. बावीसचे असताना ते चौफुल्याला एका वायरमनच्या हाताखाली होते, खांबावर चढायचे, त्याच साली लग्न झालं होतं. मग त्यांनी नुसतं विचारलं, “धाप?”

“न्हाई लागायची. वाऱ्यागत पळाल.”

“जळाली मोटार काय कुणी फेकून देतं व्हय?” मामा संपतला म्हणाले, जणू वाद त्यानेच काढला होता. “भरायची. पयल्यापेक्षा जोरात फिरती.”

आतून चांगुणामामींचा आवाज आला, “आन् माझं काय?”

“तुम्हीबी बावीसच्या, मामी.”

“मग आता तरी ती मिशी काढ, मुडद्या!”

सम्राटला सुटल्यासारखं वाटलं. तो उठायला लागला तसा मामांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवला.

“तू कुठं चाललास? नवं ते नवं. त्याची रेघ दाराच्या पलीकडच्या फळीवर. हे जुनं दोन ऱ्हायल्यात, ते तू मारायचे. तुझ्या हातानं, माझ्या पायानं. पेनल्टी धरायची न्हाई.”

“मामा, मला फुटबॉल येत न्हाई. मी गाड्या पळवतो.”

“मग मला पळीव.”

त्याला तीन महिने झाले. नव्या पोपटने विक्रमच्या हातून सतरा मारलेत. मामीची मिशी गेली आणि त्या जास्तच अडवायला लागल्यात. सम्राट रोज शिफ्टवरून आला की अर्धा तास बसतो. गडी चेंडू घेऊन गाडीसारखा सरळ पळतो, वळणावर मैदानाबाहेर जातो. महिन्यापूर्वी एक गोल झाला, तोही समोरच्याच्या पाठीला लागून. मामांनी फोनवर दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, “धर. पाठ त्याची, पन लाथ माझीच की.” दारावर दोनशे नव्व्याण्णव झाले. जिलेबीवाल्याला अजून सांगितलेलं नाही. संपत येता-जाता दारात डोकावतो.

परवाच्या रविवारी फोन आला.

“सम्राट, तुझी ती गाड्यांची गेम आली का?”

“न्हाई अजून.”

“माझा गोल?”

“दांडीला लागला, मामा.”

“लागू दे. त्या गेमीच्या आधी व्हईल का?”

सम्राटने पडद्याकडे बघितलं. बावीस वर्षांचे मामा मधल्या रेषेवर कंबरेला हात लावून उभे होते.

“बघतो.”

“बघ. जेवलास का?”