वैशाखातली बोंब

"कानात बोटं घाला, तारबाबू, गाडी आली!" एवढं बजावून ती डोक्यावरची करवंदांची पाटी उतरवायची आणि हाळी द्यायची. मी कर्जत स्टेशनात तारा ठोकायला होतो, म्हणून ही सवलत मला एकट्याला. तिच्या हाळीने माथेरानावरची माकडं झाडावरून पडत. पडताना मी पाहिली नाहीत. पडलेली पाहिली आहेत.

कुणब्याची म्हातारी, अंगाने वाळकी काटकी. एवढा आवाज ती ठेवते कुठे, हे कोडं तुम्हालाही पडलं असतं. पुण्याची गाडी घाट चढायला जादा इंजिन जोडून घेई, तोवर कर्जतला निवांत उभी राही. तेवढ्यात म्हातारी पाटी रिकामी करी. "आंबट हायत का?" असं कुणी विचारलं तर म्हणे, "तुमच्या तोंडापरीस गोड हायत."

शेजारी तिची भाची बसे. विशीतली, लवकर विधवा झालेली, आणि बोलणं असं की समोरच्याने वाकून ऐकावं.

त्या वैशाखात भिसेगावच्या एका बंगल्यात पुण्याच्या कॉलेजातली तीन पोरं सुट्टीला उतरली. एकेकटी भेटली तर मला नमस्कार करीत. तिघं मिळून बाटली उघडली, की तिघांत मिळून एका कोंबडीएवढी अक्कल उरे. एका दुपारी त्यांनी भाचीला नदीच्या वाटेवर अडवलं. एकाने तिला करवंदाच्या जाळीत ओढलं, चोळी फाडली. उरलेले दोघे हसत उभे राहिले. ती त्याच्या हाताला कडकडून चावली, म्हणून सुटली.

मग गावाने डोकं चालवलं.

"ती एकटी गेलीच कशाला?"

"करवंदं तोडायला," म्हातारी म्हणाली.

"मोठ्या घरची पोरं हायत गं. केला पोरकटपणा."

"मंग मोठी घरंच पोरकट हायत."

पोरीचा बाप, म्हणजे म्हातारीचा भाऊ, मात्र हबकला होता. "बोभाटा नको," तो म्हणाला. "कशेळ्याचा बिजवर तयार हाय. सोमवारी पाट लावून टाकतो." त्या बिजवराच्या तोंडात दात नव्हता आणि छातीत खोकला मावत नव्हता.

"आत्ये, मला नाय जायचं," पोरगी पुटपुटली.

"दादा, चोरी त्यानं केली नि कुलूप पोरीला रं?" म्हातारीने विचारलं.

सोमवारच्या आदल्या दिवशी तिन्ही पोरं परत निघाली. म्हातारी धुवट लुगडं नेसून, द्रोणभर करवंदं घेऊन त्यांच्या डब्यापाशी गेली.

"किती शिकलेली लेकरं! नाव काय रं, राजा? बाचं काय? घर कुठं?"

जाळीत ओढणारा फुगला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, बापाची वकिली, राहण्याची पेठ, सगळं त्याने छाती काढून सांगितलं. मी इथे ते लिहीत नाही. त्याला आता नातवंडं असतील.

म्हातारीने द्रोण खाली ठेवला, पालथा हात तोंडावर मारला आणि त्या नावाने बोंब ठोकली. बापासकट, पेठेसकट! "बाईमानसाला जाळीत वडतो रं! ह्ये दोघं हसत बगतात रं!"

स्टेशनमास्तर धावले. "अगं, वैशाखात कसला शिमगा?"

"आग लागली की शिमगा. तिथी तुमी बगा!"

हमाल सामील झाले, पाणक्या सामील झाला, थर्ड क्लास तर वाटच बघत होता. इंजिन जोडून होईना. ड्रायव्हरही बोंब मारीत असावा. खंडाळ्याला मी तार केली, तर तिकडून उत्तर आलं: ऐकू आलं.

झाकायला काही उरलंच नाही, तेव्हा घाईच्या पाटाला अर्थ उरला नाही. दादाने कशेळ्याला नकार कळवला.

म्हातारी आता नाही. मला ती दिसते ती नंतरच्या एका दुपारची. गाडी उभी होती. खिडकीतल्या एका पगडीवाल्याने द्रोण घेता घेता चवीने विचारलं, "इथे कुण्या मुलीचं काहीतरी झालं म्हणे. कोण हो ती?"

म्हातारीने तोंड उघडलं. भाचीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मीच ती," भाची म्हणाली. पलीकडच्या डब्यापर्यंत ऐकू गेलं. "अजून एक द्रोण देऊ?"

पगडी आत गेली. म्हातारीने तोंड मिटलं आणि पदराने पाटीवरच्या माश्या हाकलू लागली. बराच वेळ हाकलत राहिली. पाटीवर माश्या नव्हत्या.