कवळीवाल्याच्या बायकोचे दात

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत. तीस वर्षं त्यानं दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून दिल्या. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण आणि कानशीचा चुरा, एवढंच त्याचं जग. नुसता साचा पाहून तो सांगे, हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूनं चावते.

बायको शिवणकाम करायची. कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनीच तोडायची. "दात जातील अशानं," तो म्हणायचा. "मग तुम्ही कशाला आहात?" ती हसायची.

पुढे ती थकायला लागली. सकाळी उठवेना, सांधे धरायचे, मशीनवरच डोळे मिटायचे. दोन डॉक्टरांनी 'वय झालं' म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. कवळ्या पोचवताना त्यानं हे एका दंतवैद्याजवळ बोलून दाखवलं. गडी नुकताच कसलासा कोर्स करून आला होता.

"जबड्याच्या हाडात छुपा संसर्ग असणार. तोच शरीर पोखरतोय. दात काढायचे, हाड खरवडायचं, ओझोन वायू सोडायचा."

"पण मग तो एक्स-रेत दिसायला हवा ना?" कवळीवाल्यानं विचारलं.

"दिसला असता तर छुपा कशाला म्हटलं असतं?"

त्याला हे बिनतोड वाटलं. बायको म्हणत राहिली, "अहो, माझा एकही दात दुखत नाही." त्यानंच समजूत घातली आणि हाताला धरून नेलं.

पहिली दाढ त्यानं मागून घेतली आणि कामाच्या टेबलावर दिव्याखाली धरली. उमेदवारीत तो काढलेल्या दातांवरच हात बसवायला शिकला होता. सडकं मूळ त्याला डोळे मिटूनसुद्धा ओळखता आलं असतं. हे मूळ लख्ख होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मेल्याची दातखीळ बसली. आपणच नेलं, आता कुठल्या तोंडानं थांबवायचं? त्यानं दाढ ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. दीड वर्षात सोळा दात गेले, पुढचेसुद्धा.

मग ती वाण्याच्या दुकानात चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईनं मान चाचपली, रक्त तपासलं. थायरॉईड. रोज सकाळी एक गोळी. दोन महिन्यांत बाई जिने चढू लागली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि पखाल धरून उभा कोण, तर नवराच.

त्यानं तिची कवळी जीव ओतून केली. उपचाराआधी घेतलेला साचा होताच. त्यावरून तिचा वाकडा सुळासुद्धा तसाच बसवला. तिनं आरशात पाहिलं. "हुबेहूब," म्हणाली, आणि काढून वाटीत ठेवली. दोरा तोडायला गेलं की कवळी उचकटते.

एकदा बटणं शोधताना तिनं त्याचा ड्रॉवर उघडला. दाढ हातात घेऊन बराच वेळ पाहिली. त्याच्या संगतीत तीस वर्षं काढल्यावर सडकं मूळ तिलाही कळत होतं. तिनं ड्रॉवर लावला आणि मशीनवर बसली.

तेव्हापासून शिवण संपली की ती दोरा ताणून त्याच्या तोंडापुढे धरते. कात्री शेजारीच असते.

"तोडा," म्हणते.

तो तोडतो.