फिकी कवटी

आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीसमोर विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या पाटीवरची लाल कवटी उन्हाने फिकी झाली आहे, तरी वाचता न येणारा माणूसही तिथे हात लावत नाही.

आज ती पाहिली आणि कालचं आठवलं. कचेरीतल्या संगणकावर आम्ही एआय मदतनीस बसवला आहे. त्याला वापरायला दिलेल्या साधनांची, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमची, माहिती आमचा कार्यकर्ता समीर याने लिहिली. एका साधनापुढे त्याने एवढंच लिहिलं, 'जागा मोकळी करतं.' ते फायली कायमच्या पुसतं, हे लिहिलं नाही. काल संगणकातली जागा भरली. मदतनिसाने माहिती वाचून ते साधन चालवलं आणि विडी कामगार काशीमावशींची ध्वनिमुद्रित केलेली सगळी भाषणं पुसली गेली. मावशी उन्हाळ्यातच वारल्या.

"मदतनिसानं आधी विचारलं का नाही?" मी समीरला म्हटलं.

"'आधी आम्हाला विचार' असं मी लिहिलं कुठं होतं?" समीर खाली बघत म्हणाला.

लोकांना घराबाहेर काढून त्याला 'विकास' म्हणणाऱ्यांवर आम्ही पत्रकं काढतो. आणि नाशाला मऊ नाव दिलं ते आमच्याच कचेरीत. जो केवळ आपल्या शब्दांवर विसंबून काम करतो, त्याच्याशी तरी खरं बोलायला हवं होतं.

दुपारी मावशींची लेक बाळाला घेऊन आली. "आईचं एखादं भाषण लावता का? माझ्या तान्हीला आजीचा आवाज ऐकवायचाय."

समीरने तिला खुर्ची दिली, पंखा लावला.

"पुसलं गेलं, ताई," तो म्हणाला. "परत येणार नाही."

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती संगणकाच्या बंद पडद्याकडे बघत बसून राहिली.