वस्तादांची पाठ

येडबा वस्ताद कुणावर हात उगारत नसत. पोरगं खोटं बोललं, तोंडात तंबाखू धरून तालमीत आलं, की ते त्याच्याकडे पाठ करून बसत. एवढंच. ज्याच्याकडे पाठ झाली त्यानं हौद्यात, म्हणजे आमच्या कुस्तीच्या मातीत, उतरायचं नाही. विहिरीचं पाणी आणायचं, माती भिजवायची, उकरायची आणि वस्ताद वळून "ये रं" म्हणतील तोवर वाट बघायची. माझे वडील पिंगळीच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या छड्या मी निर्लज्जासारख्या खाल्ल्या, पण वस्तादांची पाठ दिसली की मला रडू यायचं.

पिंगळी म्हणजे परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलंच स्टेशन. स्टेशनामागे मातीच्या भिंतींची, पत्र्याची तालीम होती. रझाकारांच्या धामधुमीत ती बंद पडली आणि हौद्यात गुडघाभर गवत माजलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, गावानं पेढे वाटले, आणि वस्तादांनी पेढा तसाच हातात धरून आधी ते गवत उपटायला घेतलं. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी जत्रांतून कुस्त्या मारल्या, एका कुस्तीत खुबा दुखावला, तेव्हापासून एक पाय किंचित ओढत चालायचे. गावातून कुणी ज्वारी देई, कुणी ताक. ताक ते अर्धं पीत आणि अर्धं हौद्यात ओतत. मातीलाही भूक असते असं त्यांचं म्हणणं होतं.

तालमीत त्यांचे डोळे दोघांवर. रायभान आणि बन्सीधर. मी, दिनकर, तिसरा. पण मला कुणी मोजत नसे, आणि ते बरोबरच होतं. रायभान मेंढपाळ ग्यानबाचा मुलगा. आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत, हा तालमीतच झोपे. लहानपणापासून खांद्यावर कोकरं वाहून त्याची मान अशी झाली होती की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलंच नाही. बन्सीधर रेल्वेच्या पॉइंट्समनचा पोरगा, स्टेशनच्या क्वार्टरात राहणारा, चपळ आणि तोंडाळ. दोघं सकाळ-संध्याकाळ एकमेकांना मातीत लोळवत. पण तालमीच्या दाराबाहेर मात्र एक कायदा होता. एका हौद्याची पोरं चारचौघांत एकमेकांवर हात टाकत नाहीत. जत्रेत एखाद्या पंचानं चुकून तशी जोड लावलीच, तर वस्ताद नुसतं "एक हौदा" म्हणत. पंच जीभ चावायचा, हलगीवाला पुढं सरकायचा आणि दुसरी जोड लागायची. आमच्या मुलखात त्या दोन शब्दांपुढे कुणी काही बोलत नसे.

बन्सीधरच्या बापाची बदली निजामाबादेला झाली तेव्हा वस्तादांनी हौद्यातली मूठभर माती फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली.

"तिकडच्या हौद्यात मिसळ. मग त्यो बी आपलाच."

बन्सीधरनं ती मिसळली. तसं पत्रही कुणाकडून लिहवून पाठवलं. वस्तादांनी ते माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की मला पाठ झालं.

पुढं छप्पन साली राज्यं तोडली-जोडली. आम्ही हैदराबादेत झोपलो आणि मुंबईत उठलो. निजामाबाद आंध्रात गेलं. त्याच रुळांवरून तीच गाडी जात होती, पण नकाशावर कुणीतरी मधून रेघ ओढली होती. आम्हाला तेव्हा आनंदच झाला होता, मराठीचं राज्य जवळ आलं म्हणून. त्या रेघेच्या दोन टोकांना आमची दोन पोरं बांधली गेलीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वर्षभरानं कुमारांच्या राष्ट्रीय कुस्त्या जबलपूरला ठरल्या. निवड औरंगाबादेला झाली. मुंबई राज्याच्या संघात रायभान आपल्या ताकदीवर आला. मी आलो, कारण माझ्या वजनात दुसरं कुणी आलंच नव्हतं. तिथं रेल्वेचा एक साहेब रायभानची कुस्ती बघून खूश झाला. म्हणाला, शेवटच्या जोडीपर्यंत पोच, पूर्णेच्या लोकोशेडात तुला चिकटवतो. त्याच्या आत हरलास तर माझ्याकडे येऊ नकोस. ग्यानबाच्या डोळ्यांपुढं तोवर सगळं धूसर व्हायला लागलं होतं. लांबचं मेंढरू आणि दगड त्याला सारखेच दिसत. तो तालमीत येऊन स्पष्टच बोलला.

"नोकरी घिऊन आला तर त्याच्या रस्त्यानं त्यो जाईल, आमी मेंढरं इकून त्याच्याजवळ राहू. न्हाई तर मग काठी हातात घे म्हणावं, वस्ताद. मला आता दिसंना गेलंय."

रायभाननं मान डोलावली. "तुमी येणार असाल तरच जातो," असं मात्र तो वस्तादांना म्हणाला, आणि वस्ताद खाकेत बोचकं मारून निघाले.

मनमाडला गाडी बदलून आम्ही जबलपूरला पोचलो. संघाचे व्यवस्थापक परभणीचे वकील अण्णासाहेब. माणूस भला, पण कायदा हीच जगातली शेवटची गोष्ट आहे असं मानणारा. आखाड्याच्या जागी मोठा मांडव होता आणि मातीऐवजी गाद्या; वरून ताडपत्री ताणून बांधलेली. वस्तादांनी चप्पल काढून गादी पायानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हितं निजायचं हाय का लढायचं?" एवढ्यात मागून कुणीतरी त्यांना कंबरेला धरून अलगद उचललं. बन्सीधर! अंगात आंध्राच्या संघाचा सदरा. वस्ताद हवेत पाय झाडत शिव्या देत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रायभान तर त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हसत सुटला.

मी पहिल्या दिवशीच आपटलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रायभान मात्र जिंकत गेला, दुसऱ्या बाजूनं बन्सीधरही. शेवटच्या चौघांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि अण्णासाहेब पडल्या चेहऱ्यानं आमच्याकडे आले. उद्या सकाळी रायभान विरुद्ध बन्सीधर.

वस्ताद पाय ओढत सरळ पंचांच्या टेबलापाशी गेले. मी मागोमाग. त्यांनी हात जोडले आणि आपल्या दख्खनीत म्हणाले, "साहब, ये जोड नहीं लगती. एक हौदा है. एक हौदा!"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला एक हसला. "हौदा? कौन सा हौदा, पहलवान? हाथी का?"

सगळं टेबल हसलं. त्यांच्या भाषेत हौदा म्हणजे हत्तीच्या पाठीवरची अंबारी. वस्ताद पुन्हा म्हणाले, "एक हौदा, साहब," जरा मोठ्यानं, जणू त्यांना ऐकू आलं नसावं. मला त्या टेबलाला लाथ घालावीशी वाटली. आमच्या मुलखात ज्या दोन शब्दांवर हलग्या थांबत, त्यांचा इथं हत्ती झाला होता. मी मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं तेव्हा त्यातला वयस्कर पंच नरमला, पण म्हणाला की एक आंध्रचा, एक मुंबईचा. आम्ही राज्य बघतो, गुरू नाही.

अण्णासाहेबांनी वस्तादांना बाजूला घेतलं. "अहो, तुमचा नियम मातीचा. ही गादी आहे. इथं हौदा आहेच कुठं?"

"सायब, बन्सीनं तिकडं आपली माती नेली हाय. माझ्याच हातानं दिली मी."

अण्णासाहेब पुन्हा एकदा चिठ्ठ्यांचा तक्ता बघायला गेले.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या अंगणात दोघं वस्तादांपुढं येऊन बसले.

"मी पडतो," बन्सीधर म्हणाला. "मला काय करायचं? माझा बाप हायच रेल्वेत. ह्याला नोकरी लागू द्या."

"तू पडलास तरी तुला दाबून धरायला मलाच हात टाकावा लागतो ना?" रायभान म्हणाला. "मग र्‍हायलं काय?" आणि तो वस्तादांकडे वळला. "तुमी सांगा, वस्ताद. तुमी म्हणाल ते करतो."

वस्ताद अंगणातली माती चिमटीत घेऊन चोळत राहिले. ठेव हात म्हणाले असते तर सगळं आयुष्य खोटं ठरत होतं. ठेवू नको म्हणाले असते तर ग्यानबाच्या पोराची भाकरी त्यांनीच हिसकावल्यासारखी होती.

"मला इचारू नका रं," ते म्हणाले. "मला न्हाई इचारायचं."

सकाळी दोघांनी वस्तादांचे पाय धरले आणि गादीवर चढले. शिट्टी झाली. दोघांनी हात मिळवले आणि उभे राहिले. पंचानं तंबी दिली. दोघं उभेच. लोक ओरडायला लागले, कुणी साल फेकली. पंचानं शेवटची तंबी दिली आणि हातानंच सांगितलं, आता लढला नाहीत तर दोघंही बाद. तशी बन्सीधरनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःहून गादीवर उताणा पडला. दोन्ही खांदे टेकवून, हात पसरून. लोक खोखो हसले.

"दबाओ!" पंच रायभानला म्हणाला. "कंधे दबाओ, खत्म करो!"

रायभान गुडघ्यांवर बसला. उजवा हात त्यानं बन्सीधरच्या छातीवर धरला, टेकवला नाही, वरच धरला. पूर्णेचं शेड, बापाचे डोळे, सगळं त्या हाताच्या आणि छातीच्या मधल्या वितभर जागेत होतं. बन्सीधर खालून ओरडत होता, "ठिव की! ठिव रं!" रायभाननं मान वर करून वस्तादांकडे पाहिलं.

वस्ताद हळूहळू उठले आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

रायभानचा हात जळल्यासारखा मागं आला. तो उठला, गादीवरून उतरला आणि वस्तादांच्या पाठीमागं खाली मान घालून येऊन उभा राहिला. पंचानं दोघांनाही बाद केलं. अण्णासाहेब कपाळाला हात लावून बसले. बन्सीधर बराच वेळ गादीवर तसाच पडून होता. पुढच्या जोडीसाठी त्याला उठवावं लागलं.

परतीच्या गाडीत प्रत्येक मोठ्या स्टेशनावर रायभान वस्तादांचा तांब्या घेऊन उतरे आणि पाणी भरून आणी. तांब्या भरलेला असला तरी ते ओतून पुन्हा भरून आणी. पाठ झालेल्या पोरानं पाणी आणायचं असतं ना. मला ते बघवेना. खांडव्याला तो असाच उतरला तेव्हा वस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले,

"दिन्या, त्यानं हात ठिवावा म्हणून पाठ केली रं मी."

मला आधी कळलंच नाही.

"मी बगितलं नसतं तर कायदा मोडला नसता. मनात म्हणलं, येडबा, तू तिकडं बघूच नको. पोराला घिऊ दे त्याची नोकरी. त्यानं उलटंच धरलं."

"मग सांगा ना त्याला, वस्ताद! आत्ता सांगा."

"काय सांगू? तू कायदा पाळलास अन् मीच मोडायलो हुतो, असं? का तुला समजलं न्हाई म्हणून तुजी नोकरी गेली, असं? कोणतं बी सांगितलं तरी पोरगं मरतंय."

मी पुष्कळ विचार केला. तेव्हा केला, नंतरही केला. तिसरं काही सांगण्यासारखं मला आजवर सापडलेलं नाही.

रायभान तांब्या घेऊन आला. वस्तादांनी तो घेतला, घोटभर पाणी प्याले आणि त्याच्याकडे तोंड वळवून म्हणाले, "ये रं. बस." रायभानचा चेहरा असा उजळला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. नोकरी गेल्याचं दुःख त्याला तोवर झालंच नव्हतं. तो फक्त त्या दोन शब्दांची वाट बघत होता.

पिंगळीला उतरला आणि आठवड्याच्या आत काठी हातात घेऊन बापाबरोबर मेंढरांमागं गेला. निजामाबादेहून बन्सीधरचा निरोप येई. कुस्ती त्यानं सोडली होती. वस्ताद तालमीत बसत, पोरांना डाव सांगत, पण त्यानंतर त्यांनी कुणाकडेही पाठ केली नाही. नवी पोरं त्यामुळे शेफारली, असं गावात लोक म्हणत.

साठ साली, नागपंचमीच्या दिवशी, रायभान तालमीत आला. मेंढरं बाहेर रस्त्यावर उभी होती. मान तशीच जाड, पण पोट खपाटीला गेलेलं, पायांना भेगा. नव्या पोरांनी त्याला घेरलं. जबलपूरचं सांगा म्हणाली. तो हौद्याच्या काठावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं.

"मी तर हात ठिवणारच हुतो, खरं सांगतो. माजी नियत फिरली हुती. वस्तादांनी पाठ केली अन् मला वाचवलं. न्हाई तर आज ह्या हौद्यावर कोणत्या तोंडानं बसलो असतो?"

पोरं वस्तादांकडे देवाकडे बघावं तशी बघायला लागली. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सोसवली नाही, पण मी काय करणार होतो? रायभान उठला, वाकला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही केल्या तो उचलेनात. रायभान तसाच वाकून राहिला. त्याला वाटलं असेल, आशीर्वाद आहे.

बाहेरून ग्यानबाची हाक आली. भलत्याच दिशेला तोंड करून तो ओरडत होता, "रायभाऽन, मेंढरं पांगायलीत का रं?"