भिवाभाऊ आणि पुण्याचं मशीन

भिवाभाऊ वाट खांद्यांनी मोजत. लसीची पेटी पट्ट्याने एका खांद्याला अडकवायची, तो भरून आला की दुसऱ्यावर घ्यायची. एवढ्या चालीला ते ‘एक खांदा’ म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी घड्याळ लावून तपासलं. एक खांदा म्हणजे दहा मिनिटं, फार तर एखादं इकडेतिकडे. त्यानंतर मी त्यांना अंतर विचारताना मैल हा शब्द वापरला नाही.

कामशेतजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते आणि ते शिपाई. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला आणि त्याच वर्षी, चाळिशीला टेकलेले असताना, प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले. तेव्हापासून हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठीसुद्धा बोट फिरवत वाचायचे. डॉक्टर वैतागून म्हणायचे, “अहो भिवाभाऊ, नुसती द्यायची आहे ती.” भिवाभाऊ म्हणायचे, “देतो की. काय देतोय ते कळू द्या आदी.”

आमचं सगळं अडलं होतं पठारवाडीपाशी. पवनेच्या बाजूला डोंगरावर पंचवीसेक घरांची ही वस्ती. आदल्या थंडीत तिथली दोन मुलं घटसर्पानं गेली होती. घटसर्पावरची त्रिगुणी लस घेऊन आम्ही दोनदा वर गेलो आणि दोन्ही वेळा पोचेपर्यंत पेटीतल्या बर्फाचं पाणी झालेलं. गरम झालेली लस टोचायची नाही, हा नियम. दुसऱ्या वेळी आया मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि भिवाभाऊ त्यांच्यासमोर एकेक बाटली मातीत रिकामी करत होते. एक बाई म्हणाली, “आमच्यापत्तुर येऊस्तोवर वाईट हुतंय, तर आणता कशाला?” उतरताना सबंध वाट भिवाभाऊंनी पेटी एकाच खांद्यावर ठेवली.

त्या सुमाराला लिमये नावाचे एक प्राध्यापक लोणावळ्याला हवा खायला आले होते. किल्ला चढताना पाय मुरगळला म्हणून आमच्याकडे आले. पट्टी बांधून होईपर्यंत भिंतीवरचा आमचा फेरीचा तक्ता बघत बसले आणि म्हणाले, “आमच्या संस्थेत पुण्याला कॉम्प्युटर आहे. कुठून कुठे जायला किती वेळ, बर्फ किती तास, एवढं द्या. सगळ्या वाटा तपासून तो बेत करून देईल.” कोऱ्या चौकटींचा एक कागद ते आखून देऊन गेले.

मी भिवाभाऊंना ओट्यावर बसवलं आणि चौकटी भरल्या. ते आकडे नेहमीच्या फेरीसारखे सांगत गेले, खालून वर. खालच्या गावापासून पहिली वाडी चार, तिथून दुसरी तीन, तिथून पठारवाडी नऊ. पलीकडच्या अंगाने, तिकोणा पेठ गावाकडून पठारवाडी पाच. परतीच्या चौकटी उरल्या त्या मी घाईत तेच आकडे उतरवून भरल्या आणि कागद टपालात टाकला.

दहा दिवसांनी उत्तर आलं. दोन्ही कडांना भोकं असलेला हातभर रुंद कागद. वेळा होत्या, क्रम होता, आणि पठारवाडीसमोर शेरा होता: बसत नाही.

डॉक्टर म्हणाले, “मशीनही तेच म्हणतंय. संपला विषय.” मलाही ते पटलं होतं. भिवाभाऊंनी मात्र कागद जमिनीवर पसरला, उकिडवे बसले आणि बोट फिरवायला लागले. अर्धा तास गेला. मग त्यांनी हाक मारली.

“शिष्टर, हे बगा. पठारवाडीवरनं खाली उतरायला नऊ खांदे? उतरताना नऊ खांदे कोन घेतंय? म्हातारी पन न्हाई घ्यायची. चार लागत्यात.”

मी कागद पाहिला. चूक मशीनची नव्हती, माझी होती. मी तसं सांगितलं.

“आसूंद्या,” ते म्हणाले. “तेनं त्याचं सांगितलं. आता आपन आपलं नीट सांगू.”

टपालावर विसंबायचं नाही म्हणून दुरुस्त आकडे घेऊन आम्ही दोघं पुण्याला गेलो. यंत्राची खोली वातानुकूलित, गारठा सुटलेला. भिवाभाऊंनी दाराशी वहाणा काढल्या, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “आयला, हिलाबी थंडीतच ठिवावं लागतंय व्हय? मंग आपल्या लशीचीच भन ही.” कार्डांवर भोकं पाडणारी मुलगी इतकी हसली की तिचं एक कार्ड वाया गेलं.

दुपारी नवा कागद हाती आला. आता पठारवाडी त्यात होती, पण क्रम उलटा होता. एस.टी.ने खालच्या गावावरून पुढे थेट पेठेला जायचं, मागच्या अंगाने पाच खांदे चढून आधी पठारवाडी, मग दोन वाड्या करत उतरायचं. खालचं गाव सगळ्यांत शेवटी. बर्फ संपायला वीस मिनिटं राखून.

इतक्या वर्षांत हे आम्हाला का सुचलं नाही? कारण खालच्या गावात सरपंच होते, शाळा होती, पोचल्याबरोबर चहा होता. मोठं गाव आधी, वाड्या नंतर, हे इतकं ठरलेलं की कुणी ठरवलं ते विचारायचंही डोक्यात आलं नाही. भिवाभाऊंनी कागद दोनदा वाचला आणि सावकाश म्हणाले, “ह्याला सरपंच ठाव न्हाईत. म्हनून बरं हाय.”

लिमये सर म्हणाले, “म्हणजे जमलं?”

“न्हाई जमलं. तेनं पठारवाडीला साडेआठ धरल्यात. त्या वक्ताला बाया पोरं घिऊन लाकडाला जात्यात. वाडीत कुत्री गावतील.”

“मग ही अट घालून पुन्हा चालवू,” सर म्हणाले. पुन्हा चालवलं. बाया परततात ती अकरानंतरची वेळ धरली की पठारवाडी परत बसेना. भिवाभाऊ म्हणाले, “ऱ्हाऊ द्या साडेआठच. बायांचं मी बगतो. ते काय मशिनचं काम न्हवं.”

फेरीच्या आदल्या दिवशी ते एकटे पठारवाडीवर गेले. मागच्या वेळच्या त्या बाईने, हौसाबाईने, त्यांना उभ्या उभ्या झाडलं. काय काय बोलली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. परत आल्यावर म्हणाले, “लय बोलली. पन थांबनार हायेत.”

दुसऱ्या दिवशी साडेआठला पाच मिनिटं कमी असताना मी पठारवाडीत पेटी उघडली. बर्फाची लादी अजून कोपऱ्यांना टोकदार होती. हौसाबाईने पेटीत स्वतः हात घालून पाहिला, मग नातवाला पुढे केलं. एकोणतीस मुलं झाली.

खालच्या गावात अडीचला पोचलो. सरपंच शाळेच्या पायरीवर बसलेले. “या! वाड्यांवरचं उरलंसुरलं आणलंत व्हय आमास्नी?” भोवतालचे हसले. सरपंचांनी आवाज चढवला. “भिवा, कुनाच्या डोक्यातनं निघालं हे?”

भिवाभाऊंनी पेटी त्यांच्यापुढे ठेवून झाकण काढलं. आत सुपारीएवढे चार-पाच खडे शिल्लक होते. “आबा, बर्फ बगा. हाय का न्हाई? हाय तवर पोरं आना. वीस मिन्टं हायेत. डोकं कुनाचं ते मागनं बघू.” सरपंच सुनेला हाक मारून म्हणाले, “बाळ्याला आण गं आदी.” शेवटची सुई टोचली तेव्हा एक खडा उरला होता.

ही लस महिन्याच्या अंतराने तीनदा द्यायची असते. दुसरी फेरी अशीच पार पडली. तिसरीच्या आधी भिवाभाऊ निवृत्त झाले. त्यांच्या जागी शांताराम आला. पंचविशीचा, दंड भरलेला, उत्साही. डॉक्टर म्हणाले, “हा तर यांच्या दुप्पट वेगाने जाईल.”

फेरीच्या आदल्या दिवशी भिवाभाऊ स्वच्छ सदरा घालून दवाखान्यात हजर झाले. म्हणाले, “शिष्टर, पगारी न्हाई, उगीच. आज ह्याच्यासंगं वर जाऊन येतो. भरली पेटी द्या, नुसत्या पान्याची.” दोघं गेले, संध्याकाळी आले. शांताराम पार मोडला होता. भिवाभाऊंनी खिशातून कागद काढला. शाळकरी, मोठ्या अक्षरात लिहिलेला.

“पोरगा पळतोय चांगला, पन दमतोय लवकर. पेठंवरनं चढायला ह्याला, धा मिन्टाच्या हिशेबानं, पाच न्हाई, सात लागत्यात. उतरताना तीनच. तुमच्या कागदावरचे समदे आकडे माज्या खांद्याचे हायेत. त्यावर हा चालला तर पठारवाडीला पोचंल, पन खालच्या गावाला बर्फ पुरनार न्हाई. माजे खोडा आन ह्याचे घाला.”

“भाऊ, एका फेरीपुरतं चालेल की,” मी म्हटलं. “पुण्याला जायला आता वेळ कुठे आहे?”

“चालंल म्हनून मागं बाटल्या वतल्या,” ते म्हणाले.

फेरी चार दिवस पुढे ढकलली. डॉक्टर चिडले, पण सहीला कागद आणल्यावर त्यांनी सही केली. आकडे घेऊन मी एकटी पुण्याला गेले. यंत्राने दुसऱ्या वाडीवरचा थांबा छाटून वेळ काढला. तिथली सतरा मुलं वाटेवरच्या ओढ्यापाशी आणून ठेवा, असं भिवाभाऊंनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं. तिसरी मात्रा चारही ठिकाणी झाली. पुढच्या थंडीत मावळात घटसर्प पुन्हा आला. पठारवाडीत एकही मूल गेलं नाही.

भिवाभाऊ त्यानंतर काही वर्षांनी, कान्ह्याला मुलाकडे असताना गेले. मला दोन दिवसांनी कळलं. माझ्याकडे त्यांचा फोटो नाही. पहिल्या फेरीच्या बेताचा तो लांब कागद आहे. त्यावरच्या त्यांच्या आकड्यांवर, शांतारामचे घालायच्या वेळी माझ्या हाताने, त्यांच्यासमोर मारलेल्या रेघा आहेत. मी एक रेघ जरा फिकट ओढली होती. ती त्यांनी पेन मागून घेऊन पुन्हा गडद केली होती.